मिटलेल्या लॅपटॉपपुढची बोलणी

जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, दोघांच्या हातांवर उपरणं पडतं आणि त्या उपरण्याखाली बोटं बोलतात. भोवती माणसांचं कडं असतं, पण कुणाला काही कळत नाही. सणसरला माझे चुलते असतात. त्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो. ते या कामात पटाईत. उपरण्याखाली हात गेला की त्यांचा चेहरा असा कोरा होतो, जणू एसटीची वाट बघत उभे आहेत.

मला ही पद्धत कधीच आवडली नाही, कारण मी पत्रकांवर वाढले. वडिलांचा बारामतीत लहानसा छापखाना होता. लग्नपत्रिका छापून घर चालायचं आणि उरलेल्या शाईत मोर्चांची पत्रकं निघायची. बिघडलेल्या प्रती घरी यायच्या. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं केली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. ‘जाहीर निषेध’ हे शब्द मला ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्या आधी येत होते. जे खरं आहे ते चौकात, मोठ्या टायपात, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं, हा आमच्या घरचा धर्म. उपरण्याखालचा व्यवहार ही सरंजामी लपवाछपवी आहे, असं मी कॉलेजात असताना तात्यांना तोंडावर सुनावलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "व्हय का? मग मत झाकून का टाकत्यात, ते तुझ्या बापानं सांगितलं न्हाय का तुला?"

उत्तर सुचलं नाही म्हणून मी अजून जोरात बोलले. पत्रकांवर वाढलेल्या माणसांची ही एक जुनी खोड आहे.

आता सांगते ती गोष्ट मागच्या ऊसतोडीच्या हंगामातली. तात्यांच्या गोठ्यात काळ्यापांढऱ्या गायी आहेत, त्यांची धार मशीननं निघते. त्यांच्यात एकच तांबडी होती, गावरान आईची, आणि ती पूर्णपणे काकीची होती. काकी म्हणजे तात्यांची बायको. तांबडी काकीशिवाय कुणाला सडाला हात लावू द्यायची नाही. मशीनचा नुसता आवाज आला तरी ती दावं ताणून उडायची. तात्यांना तिनं दोन वेळा शेणात लोळवलं होतं. काकी मात्र तिच्या पोटाला डोकं टेकवून बसायची, गावातल्या सगळ्या बातम्या तिला सांगायची आणि भांडं भरून उठायची.

मग काकीच्या अंगठ्यांचे सांधे गेले. इतके, की वेणी घालतानाही तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरांनी धार काढायची नाही म्हणून बजावलं. काकीनं थोडे दिवस ऐकलं नाही, नंतर ऐकावंच लागलं. सून एकदा तांबडीखाली बसली आणि लाथ खाऊन उठली, ती परत बसली नाही. तांबडी विकण्यावाचून मार्ग उरला नाही.

पण लाथ मारणारी गाय विकणं म्हणजे काय, ते गोठा असलेल्या घरात सगळ्यांना माहीत असतं. घेणारा नेतो, पहिल्या की दुसऱ्या धारेला लाथ खातो आणि येईल त्या बाजारी तिला उभी करतो. तिथून दुसरा नेतो, तोही तेच करतो. शिंगं रंगवून, पाठीवर गुलाल टाकून ती बाजारातून बाजारात फिरत राहते आणि दर खेपेला थोडी वाळत जाते. व्यापारी दारात येऊन गेला होता. काकीनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. "तिला दारात बांधून ठेवणारं घर पायजे," ती तात्यांना म्हणाली. "बाजार दावणारं घर नगो."

तात्यांनी ओळखीपाळखीतून एक घर शोधलं. माणदेशात एक म्हातारा-म्हातारी होती, त्यांना घरच्या दुधापुरती गाय हवी होती. लांबचा पल्ला, म्हणून म्हाताऱ्यानं निरोप धाडला की आधी पडद्यावर दाखवा, पसंत पडली तर टेम्पो घेऊनच येतो. झालं, तात्यांचा मला फोन.

"तुझं ते मशीन घिऊन ये. आन् टीव्हीला जोडायची वायर. पाव्हण्याचं तोंड मोठं दिसलं पायजे. तोंड बघितल्याबिगार मी सौदा करत न्हाय."

मी बारामतीत अक्षरजुळणीचं आणि पुस्तकं मांडण्याचं काम करते. खोलीत मोठा पडदा आहे, त्यामुळे लॅपटॉप मिटून टेबलाच्या कडेला पडलेला असतो. मिटला की तो झोपी जाऊ नये, चालूच राहावा, अशी सोय मी करून ठेवली आहे. कुणाशी बोलायचं असलं की कानात घालायचा माईक वापरते. सांगायचं एवढंच, की माझा लॅपटॉप मिटल्यावर बंद होत नाही हे मला माहीत होतं. मिटल्यावर त्याला ऐकू येतं की नाही, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

स्कूटरवरून काटेवाडी मागे टाकली आणि पुढं उसाच्या ट्रॅक्टरमागून रांगत रांगत सणसरला पोचले. काकी अंगणात तांबडीच्या अंगावरून ओलं फडकं फिरवत होती, अंगठा न वापरता, नुसत्या तळव्यानं. मी लॅपटॉप खिडकीच्या कट्ट्यावर अंगणाकडं तोंड करून ठेवला आणि वायर आत टीव्हीला जोडता जोडता तात्यांना विचारलं, "लाथेचं सांगणार ना त्यांना?"

"इचारलं तर सांगीन."

"आणि नाही विचारलं तर?"

"न इचारता सांगाय मी काय पत्रक काढलंय व्हय?"

"तात्या, ही फसवणूक आहे."

"फसवणूक म्हंजी खोटं बोलणं. गप बसणं येगळं. बाजारात दात बघायचं, सड दाबायचं, चालवून बघायचं. ज्यानं त्यानं आपलं डोळं वापरावं."

"ते पडद्यातून सड कसे दाबतील?"

"तू ती वायर नीट खोच आधी."

"भांडू नका रं," अंगणातून काकी म्हणाली. "तिला समदं कळतं."

काकी कुणाच्या बाजूची होती ते मला कळत नव्हतं. आता वाटतं, तिलाही कळत नव्हतं. लाथेचं सांगावं तर हे घर हातचं जाणार आणि दारात पुन्हा व्यापारी उभा. न सांगावं तर तांबडी जाणार, पण पहिल्या लाथेनंतर तीही बाजारातच. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचत होत्या आणि काकी फडकं पिळून पिळून तिला पुसत होती.

ठरल्या वेळी पाव्हणे पडद्यावर आले. पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा, मागं भिंतीवर खताच्या कंपनीचं कॅलेंडर. त्यांनी फोन तांब्याला टेकवून ठेवला असावा, कारण मधून मधून तो घसरायचा आणि नुसतं छप्पर दिसायचं. कडेला त्यांच्या बायकोचा गुडघा आणि लुगड्याचा काठ एवढंच दिसत होतं. काकीनं तांबडीला अंगणातून फिरवली. ती अशी शहाण्यासारखी चालली, की तात्यांनी मिशीला हात लावला. पाव्हण्यांनी कितव्या वेताची, वासरू कुठाय, दूध किती, सगळं विचारलं. "चाल चांगली हाय," ते म्हणाले. "कासबी भरीव दिसतीया."

दाखवून झालं. मी लॅपटॉप आत आणून टीव्हीशेजारच्या टेबलावर घराकडं तोंड करून ठेवला. काकी आत येऊन बसली आणि मला म्हणाली, "तिला वैरण टाक बाय जरा. उपाशी हुबी हाय."

मी कडबाकुट्टीची पाटी तांबडीपुढं रिकामी करत होते तेव्हा खिडकीतून पाव्हण्यांचा आवाज आला.

"समदं बरं हाय. आता येकच. गाय गरीब हाय न्हवं?"

मी पाटी हातात घेऊन तशीच उभी राहिले. जनावर गरीब आहे का, म्हणजे लाथ नाही ना, शिंग नाही ना, एवढंच त्याचा अर्थ. विचारलं तर सांगीन म्हणाले होते तात्या. आता विचारलं होतं.

"येक मिन्ट हां पाव्हणं," तात्यांचा आवाज आला. "जरा घरात बोलतो."

मी हातावरचा भुसा झटकत आत गेले.

तात्यांनी लॅपटॉप मिटला होता. नुसता मिटला नव्हता, वर आपलं उपरणं नीट चौपदरी घडी करून पसरलं होतं. हातात टीव्हीचा रिमोट होता. टीव्हीवर पाव्हणे जसेच्या तसे बसलेले, फक्त त्यांचा आवाज नव्हता. आणि तात्या काकीशी, शेतात बोलतात त्या आवाजात बोलत होते.

"आगं हा पाव्हणा खुळा हाय. ती टोपी बघ कशी घातलीया, येक कान झाकलाय आन् येक उघडा. त्याला ‘गरीब हाय’ म्हणून टाकायचं. टेम्पोत चढली की आपुन सुटलो."

"आन् तितं जाऊन लाथ मारली म्हंजी?"

"मारू दे की. मला मारली, मी काय मेलो?"

"तुमाला मारली ती बरंच केलं."

"घ्या! नवऱ्यापरीस गाय जवळची."

"ती माझ्या अंगठ्याचं दुखणं बघून हळू सोडायची दूध, तुमी येकदा इचारलंत का दुखतंय म्हणून?" काकीचा आवाज फाटला. "तिला फिरवत्याल बाजारानं. शिंगं रंगवत्याल. मला नगो त्यो पैसा. लाथाळ हाय म्हणून सांगा न्हायतर ऱ्हाऊ द्या दारात."

मी म्हणाले, "तात्या, हे काय केलंत?"

"झाकलं," तात्या म्हणाले. जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं होतं. बाजारात हात झाकला की बोलणं झाकलं. तोच नियम त्यांनी इथं लावला होता.

"अहो, हा मिटला तरी चालू राहतो!"

"दिसतंय की. म्हणून आवाजबी बंद केलाय." त्यांनी मला रिमोट दाखवला.

"तो त्यांचा आवाज बंद केलात, आपला नाही!"

तात्यांनी टीव्हीकडं बघितलं. आणि नेमकं त्याच वेळी पडद्यावरचे पाव्हणे आमच्याकडं रोखून बघत हसले. मांडीवर थाप मारली. मग त्यांनी हळूच दोन्ही हात वर नेले आणि टोपी सरळ केली.

मी तात्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. त्यांचं तोंड उघडं राहिलं. मग ते अगदी श्वासाच्या आवाजात म्हणाले, "टोपीला हात लावला गं त्यानं."

"हो."

"म्हंजी ऐकलं?"

"बहुतेक."

तात्यांनी इकडंतिकडं बघितलं, पलंगावरची उशी उचलली आणि हळूच, झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालावं तशी, लॅपटॉपवरच्या उपरण्यावर ठेवली. मग उशीवर हात दाबून उभे राहिले. "वायर उपट," ते कुजबुजले. "आता तोंड दावायचं न्हाय. लाईट गेली म्हणून सांगू."

"उशी काढा," मीही कुजबुजतच म्हणाले. "उघडू, आणि माफी मागू."

"तू माग. तुला सवय हाय चौकात बोलायची."

आम्ही दोघं असे उशीवरून भांडत होतो तेव्हा काकी एकदम म्हणाली, "समदं ऐकलं असंल का गं त्येंनी?" ती कुजबुजली नाही.

"असेल, काकी."

"लाथंचंबी?"

"तेही."

काकीनं मोठा श्वास घेतला आणि भिंतीला पाठ टेकली. "बरं झालं," ती म्हणाली. "सांगावं का नगो, सांगावं का नगो, ह्येनं मला भाकरी ग्वाड लागत न्हवती. आता सांगायचं उरलंच न्हाय." आणि पदरानं कपाळ पुसून ती म्हणाली, "उघड त्ये."

मी उशी बाजूला केली, उपरणं काढलं, लॅपटॉप उघडला आणि रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज सुरू केला. तात्या दाराच्या चौकटीत जाऊन उभे राहिले, गरज पडली तर शेताकडं जाता यावं म्हणून.

"आला व्हय!" पाव्हणे ओरडले. "आमाला वाटलं, तुमच्याकडची लाईट गेली."

काकी माझ्याकडं बघायला लागली आणि मी तात्यांकडं.

"फोन काळाठिक्कर झाला, आन् चिडीचूप. त्या काळ्या काचंत माझंच थोबाड दिसाय लागलं. टोपी बघतो तर हितनं तितं गेलेली! ही म्हणती, अशी टोपी घालून मला बघाय आला असता, तर मी न्हाय म्हणलं असतं."

कडेच्या लुगड्यातून हसण्याचा आवाज आला.

"काही ऐकू नाही आलं तुम्हाला?" मी विचारलं.

"न्हाय वो. येक अक्षर न्हाय."

तात्या चौकटीतून झपकन आत आले. त्यांचा चेहरा असा उजळला होता, जणू पाटाला पाणी सुटलं. "लाईटच वो पाव्हणं!" ते म्हणाले. "ह्या लाईटीनं पार जीव खाल्लाय बघा. तर काय इचारत होता तुमी? गाय..."

"लाईट न्हवती गेली," काकी म्हणाली. "आमीच झाकलं होतं."

तात्यांनी तिच्या दंडाला हात लावला. काकीनं तो झटकला नाही, पण थांबलीही नाही.

"तुमी इचारलं न्हवं गरीब हाय का. माझ्यासंगं गरीब हाय. दुसरं कोण खाली बसलं की लाथ मारती. ह्यांना मारलीया, सुनंला मारलीया. मशीन लावू देत न्हाय. मला आता अंगठ्यामुळं जमत न्हाय, म्हणून द्यायची हाय. न्यायची तर हे धरून न्या. न्हायतर नगा निऊ, पण निऊन बाजारात घालू नगा." हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. टोपीचं आणि खुळ्याचं मात्र तिनं सांगितलं नाही. नवऱ्याची तेवढी अब्रू राखली.

ज्या बोलण्यासाठी मी तात्यांशी भांडले होते, ते काकी आधी स्वतःच्याच मनाशी बोलून मोकळी झाली होती. पाव्हण्यांनी ऐकलंय असं धरून ती सुटली होती. त्यांनी ऐकलेलं नाही हे कळल्यावर तिला परत त्या ओझ्याखाली जायचं नव्हतं, एवढंच.

पाव्हणे मिशी चोळत राहिले. "लाथ म्हंजी मग... इचार करावा लागंल," ते म्हणाले. आमच्या टीव्हीवर फोन हलला, छप्पर दिसलं, कॅलेंडर दिसलं आणि मग लुगड्यातली ती बाई स्वतःच पडद्यासमोर आली. काकीच्याच वयाची, कपाळावर मोठं कुंकू. तिनं थेट काकीलाच विचारलं, "कुठल्या पायानं मारती?"

"उजव्या."

"आन् तुमाला न्हाय मारत?"

"न्हाय. मी बोलत असती तिच्यासंगं."

"काय बोलता?"

काकीनं एकवार तात्यांकडं बघितलं. "काय बोलायचं? ह्यांच्या कागाळ्या."

ती बाई इतक्या जोरात हसली, की फोन पडला. परत उभा केल्यावर म्हणाली, "मग माझ्याकडंबी लय साठल्यात."

"आगं पण लाथ..." मागून पाव्हणे म्हणाले.

"तुमाला कोण बसवतंय धारंला? मी येती बघाय," ती काकीला म्हणाली. "माझ्या हाताखाली हुबी ऱ्हायली तर नेतो. न्हाय ऱ्हायली तर तुमचा च्या पिऊन परत जातो."

त्या दिवशी तात्या माझ्याशी फारसं बोलले नाहीत. पण निघताना स्कूटरवर वांग्यांची पिशवी अडकवत म्हणाले, "तुझं मशीन खरंच बहिरं हाय, का पाव्हणाच लबाड हाय?"

मलाही तेच कळायचं होतं. बारामतीत आल्यावर मी ध्वनिमुद्रण सुरू केलं, लॅपटॉप मिटला आणि वडिलांच्या खणातलं एक जुनं पत्रक काढून मोठ्यानं वाचलं. अगदी ‘बंधू-भगिनींनो’पासून खालच्या घोषणेपर्यंत. उघडून बघितलं तर पडद्यावर सरळ रेघ. एक उंचवटा नाही. दोनदा वाचलं, दोनदा सरळ रेघ. अर्धं झाकण उघडं ठेवून वाचलं तर प्रत्येक शब्द आला. मग कळलं, की माझ्या लॅपटॉपात ती सोयच आहे. झाकण लागलं की माईक तुटतो, मग बाकीचं यंत्र जागं असो नाहीतर नसो. शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या लॅपटॉपवर हाच प्रयोग केला, तर तिथं आवाज आला. पोत्यात तोंड घालून बोलल्यासारखा, पण आला. म्हणजे मिटलं की सुटलं, असं प्रत्येक ठिकाणी धरून चालायचं नाही. तात्यांचं नशीब, की त्यांनी फोन मला केला होता, त्याला नाही.

ती सरळ रेघ बघून मला जे वाटलं ते माझ्याकडून अपेक्षित नव्हतं. मला हायसं वाटलं. मी अशी मुलगी, की कॅमेऱ्यावर कागद चिकटवते, फोन बाहेर ठेवून बैठकीला बसते, ऐकणाऱ्या यंत्रांविरुद्ध लिहिते. ज्या यंत्राचा कान आपल्या हातानं बंद करता येत नाही ते यंत्र आपलं नसतं, आपण त्याचे असतो, हे वाक्य मी स्वतः एका पत्रकात लिहिलं आहे आणि त्यातला शब्दही मागं घेणार नाही. पण त्याच तोंडानं मी घराघरांतली झाकपाक फाडून टाकायला निघाले होते. सत्तेनं टेबलाखाली केलेलं बोलणं आणि नवरा-बायकोनं दार लोटून केलेलं बोलणं मी एकाच शाईनं छापत होते. काकीला खरं बोलायला मी भाग पाडलं नव्हतं. तिला आधी कुणाच्या कानावर न पडता रडायला, नवऱ्यावर ओरडायला, हवं ते नको ते बोलायला एक झाकलेली जागा मिळाली, आणि तिथून उठून ती उघड्यावर आली. कुणी चोरून ऐकलं असतं तर तिचं खरं बोलणं तिचं राहिलंच नसतं. ते पकडलं गेलेलं बोलणं ठरलं असतं. मत झाकून का टाकतात, हे तात्यांनी विचारलं होतं तेव्हा मी आवाज चढवला होता. आता चढवणार नाही.

टेम्पो आला तेव्हा मी मुद्दाम सणसरला गेले होते. पाव्हणे उतरले, टोपी सरळ होती. त्यांची बायको उतरली ती घरात न येता तडक गोठ्याकडं गेली. काकी तांबडीच्या तोंडाशी उभी राहिली. आम्ही बाकीचे दाराशी. तात्यांच्या हातात विनाकारण एक दोरी होती, ते तिला गाठी मारत होते आणि सोडत होते.

बाई खाली बसली. सडाला पाणी लावलं, पहिली धार भांड्यात वाजली आणि तांबडीचा उजवा पाय उचलला गेला. भांडं उडालं. काकीनं डोळे मिटले. पाव्हणे म्हणाले, "बघ, म्हणलं न्हवतं?"

"झालं का तुझं?" बाई तांबडीला म्हणाली. भांडं उचललं, पुसलं, पुन्हा बसली आणि बोलायला लागली. "आगं, काय सांगू तुला. ह्यांनी इंदापूरच्या नाक्यावर टेम्पो उलटाच घातला. मी म्हणती उजवीकडं, ह्ये डावीकडं. इचारायचं न्हाय कुणाला. इचारलं तर पागोटं सुटतंय जणू..."

तांबडीचा एक कान मागं वळला. पाय जमिनीवर ठेवून तिनं अंग सैल सोडलं. भांड्यात धार आता खणखणत नव्हती, दबक्या आवाजात पडत होती, म्हणजे फेस आला होता. पाव्हणे स्वतःच्या कागाळ्या ऐकत मान खाली घालून उभे होते आणि तात्या त्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "चला पाव्हणं, आपुन तिकडं जाऊ. हितं आपलं कायबी चांगलं निघायचं न्हाय." भाव त्या दोघांनी पलीकडं जाऊन ठरवला. कसा ठरवला, ते बघायला मी गेले नाही.

तांबडी टेम्पोत चढताना काकी रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिनं त्या बाईची ओटी भरली, वाटेत खायला भाकरी बांधून दिली आणि तांबडीच्या पाठीवर तळवा ठेवून म्हणाली, "नीट ऱ्हा."

मी त्या रात्री तिथंच राहिले. सकाळी चहा पीत असताना तात्यांचा फोन वाजला. माणदेशातून होता. काकीनं तो कानाला लावला, काही बोलली नाही, नुसती ऐकत राहिली. इतका वेळ, की तात्यांना राहवेना.

"काय म्हणतीया? लाथ मारली का?"

काकीनं हात वर करून त्यांना गप्प केलं. फोनमधून धारेचा आवाज येत होता. मलाही अस्पष्ट ऐकू येत होता. आणि मधे मधे त्या बाईचं बोलणं.

"भांडं निम्मं झालं," काकी म्हणाली.

"आन् ती काय बोलतीया?"

"काय न्हाय. नवऱ्याला शिव्या देतीया."

"मग बरं हाय," तात्या म्हणाले आणि त्यांनी बशीत चहा ओतला.